मदत हवी आहे: इंग्रजीत दोन विशेषणांच्या मधे स्वल्पविरामांतला मजकूर नेमका कुठे बसवायचा?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर:
हिमरू शालींचं माहितीपत्रक इंग्रजीत करायचं आहे. सांगायचंय ते असं: शाल मऊ आहे आणि निव्वळ रेशमाच्या मानाने स्वस्त आहे. मी लिहिलं, ‘अ सॉफ्ट, कम्पेअर्ड विथ प्युअर सिल्क इनएक्स्पेन्सिव्ह हिमरू शॉल’. वाचताना अडखळायला होतं. काय बदलू?

नांदेडकर:
मधला मजकूर दोन्ही बाजूंनी बंद व्हायला हवा आणि ‘अँड’ त्याच्या बाहेर, आधी: ‘अ सॉफ्ट अँड, कम्पेअर्ड विथ प्युअर सिल्क, इनएक्स्पेन्सिव्ह हिमरू शॉल’. आता दोन स्वल्पविरामांमधलं बोटाने झाका. ‘अ सॉफ्ट अँड इनएक्स्पेन्सिव्ह हिमरू शॉल’ उरतं, म्हणजे जमलं. ‘अँड’च्या आधी आणखी एक स्वल्पविराम टाकलात, तर कोणती जोडी कुठे बंद होते हेच कळत नाही.

जागा ठरते अर्थावरून. ज्या विशेषणाबद्दल बोलताय, त्याच्या लगेच आधी. तोच मजकूर ‘सॉफ्ट’च्या आधी नेलात तर रेशमाशी तुलना मऊपणाचीही होईल, फक्त किमतीची राहणार नाही. ‘हिमरू’ आणि ‘शॉल’च्या मधे मात्र काहीच घालू नका, प्रकार सांगणारा शब्द नामाला चिकटूनच राहतो.

मुळात अडचण मराठीच्या सवयीची आहे. ‘रेशीम आणि सूत मिळून विणलेली शाल’ असं कितीही लांब विशेषण आपण नामाआधी बसवतो. इंग्रजीत ते नामामागे जातं: ‘अ हिमरू शॉल वोव्हन फ्रॉम सिल्क अँड कॉटन’. तुमच्या वाक्यालाही तेच जास्त शोभेल: ‘अ सॉफ्ट हिमरू शॉल, इनएक्स्पेन्सिव्ह कम्पेअर्ड विथ प्युअर सिल्क’. माहितीपत्रकात मी हेच छापेन.

लातूरहून:
वरच्याशी सहमत. एक भर: ‘अ’ की ‘ॲन’ हे लगेच पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं. ‘ॲन ॲडमिटेडली कॉस्टली पैठणी’ बरोबर आहे. ‘ॲडमिटेडली’ झाकल्यावर ‘ॲन कॉस्टली’ दिसतं, तिथे घाबरू नका. शब्द खरंच काढलात तरच ‘अ’ करा. अशा एकट्या क्रियाविशेषणाला स्वल्पविरामही नकोत.

धागाकर्ता:
आभार! ‘लाइट’ हे तिसरं विशेषण घातलं तर?

नांदेडकर:
मग स्वल्पविरामांची गर्दी होते. यादीचा स्वल्पविराम तसाच ठेवा, मधल्या मजकुराला डॅश द्या: ‘अ सॉफ्ट, लाइट अँड—कम्पेअर्ड विथ प्युअर सिल्क—इनएक्स्पेन्सिव्ह हिमरू शॉल’. डॅशला लागून स्वल्पविराम नको, आणि उघडलेला डॅश डॅशनेच बंद करा.