नेटवर्किंगला ७ महिने जातोय, लोक हसून बोलतात पण कामाच्या वेळी मी कुणाला आठवतच नाही

खोकेवाला_अंबड
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, कोरूगेटेड बॉक्स म्हणजे पुठ्ठ्याचे खोके, ३ प्लाय ५ प्लाय (तीन थरांचे, पाच थरांचे), ९ माणसं कामाला. वडिलांच्या काळात दोन-तीन कंपन्यांचं काम धरलं की वर्ष निघायचं, आता तसं राहिलं नाही म्हणून एका बिझनेस ग्रुपमध्ये गेलो. दर आठवड्याला सकाळी ७ ला मीटिंग, प्रत्येकाला ६० सेकंद ओळख, मग नाश्ता. माझा स्वभाव पहिल्यापासून बुजरा, म्हणून कुणीतरी सांगितलं की काहीतरी गमतीशीर बोल म्हणजे लक्षात राहशील, तर मी सुरुवातच "मी खोकेवाला" अशी करायला लागलो. २०२२ पासून या शब्दाला महाराष्ट्रात काय भाव आलाय ते माहितीच आहे, सगळा हॉल "एकदम ओके" करून ओरडतो, मजा येते. पण परवा त्याच ग्रुपमधल्या एका मसालेवाल्यानं खोक्यांची मोठी ऑर्डर बाहेर दिली आणि मला म्हणतो, अरे तुम्ही खरंच बॉक्स बनवता का, मला वाटलं तुम्ही गंमत करता!! आता बोला. शिवाय नाश्त्याला मी एकटाच प्लेट घेऊन उभा असतो, कुणी येऊन बोलत नाही, मला जाऊन बोलता येत नाही. फी भरलीये वर्षाची. काय चुकतंय?

पावडरकोटिंग_सातपूर
दादा हसलो खूप, सॉरी. पण तुमचा प्रॉब्लेम लक्षात न राहण्याचा नाहीये, तुम्ही भलत्याच गोष्टीसाठी लक्षात राहिलात. जोक लोकांनी घरी नेला, धंदा हॉलमध्येच राहिला.

मी पण आधी "सर्व प्रकारचं पावडर कोटिंग वाजवी दरात" असं म्हणायचो, सातपूरमध्ये हे म्हणणारे किती जण असतील मोजा. आता एकच सांगतो, की तुमचं ग्रिल पावसाळ्यानंतर कडेनं सोलायला लागलं तर ते फेकू नका, मला दाखवा. बस. समोरच्याच्या घरचं किंवा शेजाऱ्याचं ग्रिल सोललेलं असतंच आणि ते दिसलं की त्याला मी आठवतो.

यावर एक वाचलेलं सांगतो. १९८७ साली मानसशास्त्रवाल्यांनी एक प्रयोग छापला होता, लोकांना चेहरे दाखवायचे, सोबत नाव आणि व्यवसाय सांगायचा, नंतर चेहरा दाखवून विचारायचं. व्यवसाय आठवतो, नाव आठवत नाही, आणि गंमत म्हणजे शब्द तोच असला तरी! म्हणजे आपल्याकडे एखादा सोनारकाम करतो हे आठवेल पण एखाद्याचं आडनाव सोनार आहे हे विसरू, कारण सोनारकाम म्हटलं की भट्टी, तराजू, पेढी सगळं डोळ्यासमोर येतं, आडनावाला चिकटायला काहीच नसतं. तुमच्या "खोकेवाला" चं तेच झालं, शब्द व्यवसायाचा पण चित्र भलतंच उभं राहिलं.

तुमच्याकडं असं चित्र काय आहे? द्राक्षवाल्यांचं काम करता का?

खोकेवाला_अंबड
करतो ना, जानेवारी ते एप्रिल तेच असतं. पिंपळगाव, ओझर साइडचे पॅकहाऊस. त्यात एक भानगड अशी की कोल्ड स्टोरेजमध्ये टेम्परेचर ० च्या आसपास आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या वर, कागद ओल ओढतो आणि थप्पीतली खालची पेटी चेपते. कागदाचा जीएसएम (म्हणजे जाडी-वजन) आणि फ्लूट (मधल्या कागदाच्या नागमोडी घड्या) बघून द्यावं लागतं, आमच्या पेट्या चेपत नाहीत. पण हे ६० सेकंदात कुठं सांगू, लोकांना बोअर होईल.

पावडरकोटिंग_सातपूर
अहो हेच सांगा!! "थप्पीतली खालची पेटी चेपली की मला फोन करा." निम्म्या नाशिकचा कुणीतरी मामा-काका द्राक्षात आहे.

युनिफॉर्मवाली_इंदिरानगर
वरचं बरोबर आहे पण नाश्त्याच्या वेळी एकटं उभं राहण्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी शाळांचे युनिफॉर्म शिवून देते, सुरुवातीला ग्रुपमध्ये आम्ही दोघीच बायका, त्यामुळे एकटं उभं राहणं काय असतं मला विचारा. मग बघत बघत कळलं की दोघं जण अगदी समोरासमोर तोंड करून बोलत असतील तर तिथं घुसायचं नाही, त्यांचं काहीतरी चाललेलं असतं. तिघं-चौघं जरा फाकून उभे असतात, एका बाजूला जागा असते, तिथं जायचं आणि नुसतं ऐकायचं, दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतंच. आणि भाऊ, मोबाईल खिशात ठेवा हो. एकटा माणूस मोबाईलमध्ये मान घालून उभा असला की लोकांना वाटतं कामात आहे, कशाला डिस्टर्ब करा. मी तर सरळ चहाच्या टेबलाजवळ उभी राहते, तिथं प्रत्येकाला यावंच लागतं, साखर पुढं केली की बोलणं सुरू. बुजऱ्या माणसाला याच्यापेक्षा सोपं काय सांगू.

अजून एक, तुम्ही दुसऱ्याचं काय लक्षात ठेवलंय? त्या मसालेवाल्याला कधी विचारलं का की मसाला कुठं पाठवता, कशात पाठवता? ७ महिने एका टेबलावर इडली खाल्ली ना.

जुना_उद्योजक_सिडको
ताईंनी नस पकडली. मी ६१ वर्षांचा, स्प्रिंगचं काम करायचो, आता मुलगा बघतो. आमच्या वेळी हे ६० सेकंद वगैरे काही नव्हतं, निमाच्या, म्हणजे नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनेच्या, कार्यक्रमाला जायचं नाहीतर त्र्यंबक रोडला टपरीवर उभं राहायचं. मला तर हे पहाटेचं टाळ्या वाजवणं पटत नाही, ज्याला पटतं त्याने करावं. पण एक सांगतो, दर आठवड्याला त्याच ४० तोंडांपुढे तेच बोलून किती मिळणार? १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं लिहिलंय, ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं की खबर देणारा तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा असं सांगणारे जेमतेम १७ टक्के. बाकीच्यांना अधूनमधून किंवा वर्षात कधीतरी दिसणाऱ्यानं सांगितलेलं. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. म्हणून तुमचे जुने ट्रान्सपोर्टवाले, कागद देणारे, चाकणला बदली होऊन गेलेले परचेसवाले, यांना फोन करा. गुड मॉर्निंगचे फुलं पाठवू नका कृपया, ते बघून लोक म्यूट करतात.

खोकेवाला_अंबड
सगळ्यांचे आभार. काका, ग्रुप सोडत नाही, पैसे भरलेत 😅 पण जुन्या एका परचेसवाल्याला काल फोन केला, तो आता सिन्नरला आहे, पाऊण तास बोलला, ऑर्डरचं काही नाही, मुलीच्या ॲडमिशनचंच बोलत होता.

आणि ताई, मसालेवाल्याला विचारलं. माल दुबईला जातो, कंटेनरमध्ये पेट्या घामेजतात म्हणे. उद्या ५ प्लायचे ४ सॅम्पल घेऊन जातोय. या आठवड्यात ओळख करून देताना खोके शब्द काढला नाही तर मागून दोघं ओरडलेच, "एकदम ओके".