महापालिकेत पुराचं काम नक्की कोण बघतं?

पंचगंगाकाठ: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला परत तेच. मग पावसाळा सोडून बाकीचे आठ महिने यावर काम करणारी माणसं नकोत का?

उन्हाळकरी: अहमदाबाद बघा. २०१० च्या उन्हात खूप माणसं गेली, २०१३ ला हीट ॲक्शन प्लॅन आला, अलर्ट आला की दवाखान्यांनी काय करायचं, पाणी कुठे द्यायचं हे आधीच ठरलेलं.

मिठीकाठ: मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, नंतर पाऊस मोजायची ऑटोमॅटिक केंद्रं लागली. पण आकडे वाचून वॉर्डात फोन फिरवणारा माणूस पर्मनंट हवा हो, त्याची बदली झाली की सगळं शून्यावर.

पंचगंगाकाठ: अगदी हेच!