फियाट-पद्मिनीचं जुनं क्रोम: पुन्हा प्लेटिंग की क्रोम व्हिनाइल?

कुर्ला_११००
कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी आजही बऱ्याच जणांकडे चालू आहेत. त्यांचं क्रोम मात्र गेलंय. अशा गाडीला क्रोम व्हिनाइल, म्हणजे क्रोमसारखी चकाकणारी चिकट फिल्म, लावणं म्हणजे पाप, असं इथे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

मूळ प्लेटिंग (विजेने चढवलेला धातूचा थर) शाबूत आहे, फक्त निस्तेज झालंय किंवा बारीक ओरखडे आहेत, अशा ठिकाणी फिल्म चढवा. भाग सोडवून डिटर्जंटने धुवा, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी ७०:३० करून दोनदा पुसा. जुन्या मेणाचा अंशही राहता कामा नये. खोलीचं तापमान २० ते २५ अंश ठेवा आणि पंखा बंद, नाहीतर धूळ बसते. फिल्म कास्ट (ओतून बनवलेली) प्रकारचीच घ्या. कॅलेंडर्ड (रोलरमध्ये दाबून बनवलेली) फिल्म वळणावर आकसून मागे येते. स्क्वीजीला (फिल्म दाबून बसवायच्या पट्टीला) ओला फेल्ट लावा, कोरड्या कडेने क्रोम फिल्मवर रेषा उठतात आणि त्या जात नाहीत. कड मागच्या बाजूला निदान १० मिमी वळवा आणि फक्त त्या पट्ट्यावर ३एमचा प्रायमर ९४ (चिकटपणा वाढवणारं द्रव) पातळ लावा.

पारंपरिक प्लेटिंगसाठी हेक्साव्हॅलंट क्रोमियम लागतं आणि ते कर्करोगकारक आहे. एवढा भार उचलून जो भाग वाचवायचा, तो खरंच त्या लायकीचा आहे का, हे आधी पाहायला नको?

निकल_आधी
पूर्ण विरोध. तुम्ही क्रोमला रंग समजताय. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्यात सूक्ष्म भेगा असतातच. लोखंडाला वाचवतं ते त्याखालचं निकल. बाहेरच्या भागांवर ते निदान २० मायक्रॉन हवं. बंपर निस्तेज दिसतो तेव्हा बहुतेक वेळा निकलमध्ये छिद्रं पडून खालून गंज वर आलेला असतो. त्यावर फिल्म घातली की गंज थांबत नाही, नुसता दिसायचा थांबतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात कडेतून पाणी शिरलं की ते तिथेच मुरतं. वर्षभराने फिल्म ओढाल तेव्हा गोंदाबरोबर क्रोमचे पापुद्रेही निघतील.

शिवाय बंपरची टोकं दोन्ही दिशांनी वळलेली. साधी रंगीत फिल्म तिथे ताणून बसते, पण क्रोम फिल्मचा धातूचा थर ताण सोसत नाही. हीट गन जरा जास्त वेळ धरली की तिथे राखाडी धुरकट डाग, कधी इंद्रधनुषी झाक. ओव्हररायडरवर (बंपरवरच्या उभ्या ठोकळ्यांवर) तर हे ठरलेलंच.

कुर्ला_११००
टोकांचं मान्य. म्हणून तिथे एकच तुकडा ओढायचा नाही. ओव्हररायडर आधी काढा, त्याच्या बुडाखाली जोड येईल अशी दोन तुकड्यांत फिल्म लावा. जोडावर ५ मिमी चढ द्या आणि वरचा तुकडा पुढून मागे झाकणारा ठेवा, म्हणजे वाऱ्या-पाण्याचा मारा जोडाच्या तोंडावर येत नाही. ओव्हररायडर मात्र प्लेटिंगलाच द्या, ते मीही म्हणेन.

गंजाबद्दल: जिथे नखाने खवले निघतात तिथे फिल्म नकोच. मी शाबूत प्लेटिंगबद्दल बोलतोय.

मझाक_दुरुस्ती
दोघेही बंपरवर अडकलात. खरा प्रश्न मझाकच्या भागांचा आहे. दाराची हँडलं, मोनोग्राम, दिव्यांच्या कडा: चुंबक लावून पाहा. चिकटला तर लोखंड, नाही तर बहुधा मझाक, म्हणजे जस्ताचं ओतकाम.

मझाकवर फोड आलेत म्हणजे खड्डा वरून टाचणीच्या टोकाएवढा आणि आत मोठा. जुनं प्लेटिंग उतरवताना आम्लाने जस्तही खाल्लं जातं. शिवाय आम्लयुक्त कॉपरच्या टाकीत मझाक थेट घालता येत नाही, आधी सायनाइड कॉपरचा थर द्यावा लागतो. घाईत तो पातळ राहिला की दोन-तीन महिन्यांत पुन्हा फोड. बफिंगमध्ये मोनोग्रामची धारदार अक्षरं गुळगुळीत होतात, ती परत मिळत नाहीत. तरी इथे थेट फिल्मही चालत नाही, कारण ती खड्डे झाकत नाही, उलट आरशासारखी दाखवते. खड्ड्यातली हवा उन्हात फुगते आणि बुडबुडा येतो.

खड्डे कोरून साफ करा, इपॉक्सीने भरा, टूके (हार्डनर मिसळायचा दोन भागांचा) प्रायमर मारून ८०० पासून १५०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासा. वर टूके क्लिअर, आणि फिल्मच्या आधी निदान आठवडाभर वाळवा. थिनर आत राहिला तर आठ दिवसांत फिल्म फोडांनी भरते. हे फक्त सपाट भागांसाठी. हँडलला नको, बोटांच्या घर्षणाने कड सुटते.

निकल_आधी
एवढी तयारी करणार असाल तर कॉपर चढवून घासण्याच्या मेहनतीत आणि यात फरक किती उरला? अक्षरांच्या धारेचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मोनोग्राम प्लेटिंगला देऊ नका, जुना पण चांगल्या स्थितीतला शोधा.

बंपर प्लेटिंगला देताना मात्र तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. कॉपर चढल्यावर पुन्हा बफिंग होणार आहे ना? निकल किती मिनिटं आणि किती करंटवर? दुमडलेल्या कडांमधलं आम्ल धुऊन निघतं का? तिथे राहिलेलं आम्ल पुढे तपकिरी ओघळ बनून बाहेर येतं आणि दोष पावसाला लागतो. खोबणीत क्रोम नीट पोहोचत नाही, तिथे पिवळसर निकल दिसलं तर भाग परत पाठवा. परत आल्यावर मागची बाजू झिंक प्रायमरने रंगवा, कारण प्लेटिंग तिथे नावापुरतंच बसतं.

कुर्ला_११००
एक राहिलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या व्हिंटेज नोंदणीला फिल्म अडथळा आणेल, अशी भीती काहींना वाटते. २०२१ च्या केंद्रीय नियमात भर आहे तो चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांवर. बंपरवरची फिल्म त्यात मोडत नाही. स्पर्धेच्या परीक्षकांचं वेगळं, त्यांना प्लेटिंगच दाखवा.

आणि फिल्मवर ब्रासो किंवा कुठलंही धातूचं पॉलिश फिरवू नका. वरचा पारदर्शक थर एका हातात ओरखडतो.