उपकारस्तुती लगेच मागण्यांकडे का वळते?

प्रश्न (सदर, नागपूर): रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, दोन वाक्यांत संपते आणि मागण्या सुरू होतात. काय बदलावं?

उत्तर: “सगळ्यासाठी धन्यवाद” इतकं मोघम बोललं की मन कशावरच थांबत नाही. आजच्याच तीन गोष्टी नाव घेऊन सांगा, जसं उन्हात मिळालेली सावली, शेजारच्या काकूंनी पाठवलेला डबा. पहिली पाच मिनिटं एकही मागणी नको.

उत्तर: बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. 26 वचनं, प्रत्येकात तेच पालुपद. एकाने पहिला भाग वाचायचा, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. लहान मुलंही सहज सामील होतात.

उत्तर: दुःखाच्या दिवशी मात्र जबरदस्ती नको जी. बायबलमधल्या 1 थेस्सलनीकाकरांस या पत्रात (5:18) ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा असं आहे, ‘सर्व स्थितीबद्दल’ नाही. आधी मोकळेपणी विलाप करा. स्तोत्र 13 मध्येही भरवसा आणि गाणं शेवटच्या दोन वचनांतच येतं.