सामाजिक आधार ताणापासून राखतो, हे मोजायचे कसे?

प्रश्न: पदव्युत्तर प्रबंधासाठी मी परिचारिकांच्या कामाच्या ताणाचा अभ्यास करीत आहे. आपल्याला माणसांचा आधार आहे असे किती वाटते, हे मोजण्यासाठी झिमेट आणि सहकाऱ्यांची १९८८ची १२ विधानांची मापनी वापरली, तर ताणासाठी कोहेन यांची १० प्रश्नांची. आधार जास्त तिथे नैराश्य कमी, असा स्पष्ट सहसंबंध आला. एवढ्यावरून आधार ताणापासून संरक्षण देतो असे लिहिता येईल का? शिवाय प्रत्यक्ष मिळालेली मदत विचारली, तेव्हा जास्त मदत मिळालेल्यांचेच नैराश्य जास्त निघाले. याचा उलगडा होत नाही.

पहिले उत्तर: नाही, तसे लिहू नये. तुम्हाला मिळालेला संबंध थेट परिणामाचाही असू शकतो, म्हणजे ताण असो वा नसो, आधार असलेला माणूस बरा असतो. कोहेन आणि विल्स यांनी १९८५मध्ये हाच भेद नेमका मांडला. संरक्षणाचा दावा वेगळा आहे: ताण कमी असताना आधार असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींत फारसा फरक दिसू नये, आणि ताण वाढत जाईल तसे दोघांच्या नैराश्यातील अंतर रुंदावत जावे. त्यासाठी रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीवर इतर गोष्टींचा प्रभाव किती, हे काढणाऱ्या संख्याशास्त्रीय समीकरणात) ताण आणि आधार यांच्या गुणाकाराचे पद घाला, म्हणजे ताणाचा प्रभाव आधारानुसार बदलतो का ते कळेल, आणि कमी व जास्त आधाराच्या रेषा काढून पाहा.

दुसरे उत्तर: मदतीच्या कोड्याबद्दल. जो अधिक संकटात असतो तो मदत अधिक मागतो आणि त्याला ती मिळतेही, त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या मोजमापात कारण आणि परिणाम उलटे दिसतात. शिवाय मदत घेताना आपण कमी पडलो ही भावनाही बोचते. बोल्गर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घेणाऱ्याच्या लक्षातही न आलेली जोडीदाराची मदत अधिक उपयोगी ठरल्याचे दिसले. ‘वेळ आली तर कोणीतरी आहे’ हा विश्वास आणि मिळालेली मदत ही दोन निराळी मापे आहेत. ती एकत्र करू नका.

तिसरे उत्तर: मला खरी अडचण ताणाच्या मापनीत वाटते. तिच्यात परिस्थिती हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, असे प्रश्न आहेत, आणि खचलेला माणूस त्यांना होकारच देणार. ताण आणि नैराश्य अशा रीतीने एकमेकांत मिसळले की गुणाकाराच्या पदाचा अर्थ लावणे कठीण होते. रात्रपाळ्यांची संख्या किंवा एका पाळीतील रुग्णसंख्या यांसारखे बाहेरून मोजता येणारे माप सोबत घ्या. नमुनाही मोठा हवा, कारण अशा पदाचा परिणाम लहान नमुन्यात सहसा दिसून येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाळ्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत; त्या घेऊन विश्लेषण नव्याने करते.