मदत हवी आहे: टिनाच्या उतरत्या छताचं घनफळ आणि रंगाचं माप

फूटपट्टी: वाडीला शेड आहे, दोन पाख्यांची. रुंदी २४ फूट, लांबी ३०, पाखं १३. वरच्या त्रिकोणी भागाचं घनफळ ½ × २४ × १३ × ३० = ४६८० घनफूट आलं. कुलरवाला म्हणते, शक्यच नाही. काय चुकून राहिलं? नवतप्याच्या आधी टिनावर पांढरा रंगही मारायचा आहे, किती चौरस फूट धरू? आजच सांगा.

ओळंबा: १३ कुठून कुठे, भाऊ? जमिनीपासून आढ्यापर्यंत, की टेप पाख्यावर तिरपा धरून?

फूटपट्टी: तिरपा. आढं ते भिंत.

ओळंबा: तिथंच फसलं. सूत्रात त्रिकोणाची उभी उंची लागते. आढं मधोमध असेल तर ओळंबा २४ च्या मध्यावर पडतो, म्हणजे १२ वर. १३ चा वर्ग वजा १२ चा वर्ग: १६९ − १४४ = २५, त्याचं वर्गमूळ म्हणजे उंची ५ फूट. त्रिकोण ½ × २४ × ५ = ६०, गुणिले ३० = १८०० घनफूट.

हिंगणा गणित: पृष्ठफळही लिहून ठेवा. परिमिती २४ + १३ + १३ = ५०. एकूण पृष्ठफळ ५० × ३० + २ × ६० = १६२० चौ. फूट. ही त्रिकोणी चिती (प्रिझम, दोन्ही टोकांना सारखे त्रिकोण असलेला आकार) आयतावर आडवी पडली आहे, म्हणून चितीची उंची ३०. मुलं हमखास तिथं ५ घालतात.

पत्रेवाला: सर, १६२० धरून रंग आणला तर जवळपास निम्मा उरेल. त्यातला ७२० चा खालचा आयत म्हणजे नुसती हवा आहे.

हिंगणा गणित: चितीचं पृष्ठफळ तेवढंच येतं.

पत्रेवाला: येतं, पण रंग फक्त दोन पाख्यांना लागतो. वळचण किती आहे?

फूटपट्टी: दोन्हीकडे १ फूट. टोकांना टिन भिंतीबरोबर.

पत्रेवाला: मग रंगासाठी पाखं १४ चं: २ × १४ × ३० = ८४०. घनफळाला १३ च ठेवा, वळचणीखालची हवा शेडबाहेरची. पत्रा पन्हळी असेल तर खरा पृष्ठभाग याहून जास्त. एका पत्र्यावर सुतळी आडवी धरून प्रत्येक पन्हळीत दाबत न्या, मग सरळ करून मोजा. रुंदी ३ फूट आणि सुतळी ३ फूट ५ इंच भरली, तर जवळपास १४ टक्के वाढवा. दोन हात मारणार असाल तर दुप्पट.

वाळा: रंग कशाला? खसच्या ताट्या बांधा.

ओळंबा: ताट्या भिंतीच्या उघड्या बाजूला, तापते टिन. भाऊ, भिंतीची उंची सांगा, त्याशिवाय कुलर ठरत नाही.

फूटपट्टी: ८.

ओळंबा: २४ × ३० × ८ = ५७६०, अधिक १८०० = ७५६० घनफूट. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची तर मिनिटाला ३७८० घनफूट. कुलरवर घनमीटर दर तासाला लिहिलेलं असतं, १.७ नं गुणा: सुमारे ६४००. आढ्याजवळ झरोका आहे ना?

फूटपट्टी: नाही. दोन्ही त्रिकोण विटांनी बंद.

ओळंबा: मग गरम हवा वरच कोंडेल आणि कुलर नुसता दमटपणा वाढवेल. मिनिटाला येणाऱ्या दर १००० घनफूट हवेला २ चौ. फूट वाट लागते, तुम्हाला ३७८० ला साडेसात. कुलरच्या समोरच्या त्रिकोणात, आढ्याखाली काढा.