सोसायटीत निर्वासित आणि स्थलांतरितांबद्दल माहितीसत्र घ्यायचंय, काय काय सांगावं?

विक्रोळीकर

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे वाचनालय आणि गणेशोत्सव मंडळ मिळून दर महिन्याला काहीतरी कार्यक्रम करतात, कधी डॉक्टर येतात, कधी सायबर फसवणुकीवर पोलीस बोलतात. पुढच्या वेळेसाठी मी हा विषय सुचवलाय. कमिटी हो म्हणाली पण राजकारण नको ही अट घातली.

निमित्त असं की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की घरकामाला येणाऱ्या बायका बांगलादेशी आहेत, कागद तपासा, आणि लगेच वॉचमन गेटवर बायकांना अडवून आधार मागायला लागला. त्यातली एक मालदा जिल्ह्यातली, म्हणजे पश्चिम बंगालची, ती घाबरून कामावर यायचीच बंद झाली. त्याच सुमारास एक अफगाण विद्यार्थी भाड्याने खोली बघायला आला होता, त्याला ब्रोकरने खालूनच परत पाठवलं. ग्रुपवर एवढी चर्चा झाली पण निर्वासित कोण, परदेशी विद्यार्थी कोण आणि दुसऱ्या राज्यातून आलेला आपलाच नागरिक कोण, हा फरक कोणालाच नीट सांगता येईना. मला हे मनापासून करायचंय. कायदा काय म्हणतो, कोणाला बोलवावं, आणि नुसतं भाषण न होता प्रत्यक्षात काय मदत करता येईल, प्लीज सुचवा.

कोर्टकचेरी

विषय उत्तम निवडलात दादा. मी वकिली करते, त्यामुळे जरा मोठं लिहितेय.

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही, त्याला जोडलेल्या 1967 च्या प्रोटोकॉलवरही नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी असा माणूस फक्त परदेशी असतो. आधी 1946 चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट होता, 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट आलाय. व्यवहारात तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं, आणि अफगाणिस्तान, म्यानमार अशा ठिकाणांहून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यूएनएचसीआर करते, तिचं मुख्य ऑफिस दिल्लीत. त्यांचं कार्ड म्हणजे व्हिसा नाही, हे सत्रात स्पष्ट सांगा, कारण मदत करणारे लोकच कधीकधी चुकीचा भरवसा देऊन बसतात आणि नंतर तो माणूस अडचणीत येतो.

पण वेगळा कायदा नाही म्हणून हक्कच नाहीत असं कोणी समजू नये. संविधानाचं कलम 14 (कायद्यापुढे समानता) आणि 21 (जीवित आणि स्वातंत्र्याचं रक्षण) प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, नागरिक असो वा नसो. 1996 मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला यांच्या जिवाचं रक्षण करायला सांगितलं होतं. अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. आणि कोठडीतल्या माणसाला, तसंच बायका-मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. हा नंबर नोटीस बोर्डावर कायमचा लावा.

त्या अफगाण मुलाला खोली द्यायला कायद्याने कसलीही बंदी नाही. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत एफआरआरओला, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसला, ऑनलाइन कळवायचं, आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, जी आपण इतर भाडेकरूंचीही देतोच. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर विद्यार्थी आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करतो. सत्राला एखादा घरमालक बोलवा जो हे करून बसलाय, ब्रोकर मंडळी वकिलापेक्षा त्याचं जास्त ऐकतील.

शाळेतल्या_बाई

मी गोवंडीत महापालिकेच्या शाळेत शिकवते. कागदांवरून एवढंच सांगते की दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे बाया येतात त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते, त्यात लॅमिनेट केलेलं आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, लाइट बिल, असेल नसेल ते सगळं, आणि आपण काही विचारायच्या आत त्या ते सगळं टेबलावर मांडतात. एवढी भीती बसलीये. खरं तर शिक्षणहक्क कायद्यात, 2009 च्या, 6 ते 14 वयाचं प्रत्येक मूल असं लिहिलंय आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे आईबापांना माहीत नसतं, कधीकधी शाळेच्या ऑफिसलाही नसतं, तिथे शांतपणे कायदा दाखवावा लागतो.

आपल्या पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात पण त्यात बंगाली नाही. म्हणजे पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादहून आलेलं पोर हिंदी नाहीतर उर्दूच्या वर्गात बसतं आणि पहिलं वर्ष नुसतं गप्प असतं. तुमच्या वाचनालयात कॉलेजची मुलं येत असतील ना, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा मुलांना मराठी-हिंदी बोलायला शिकवलं तरी खूप होईल. आणि एक, त्या बायकांना नुसतं प्रेक्षक म्हणून बसवू नका, त्यांना बोलू द्या.

स्पष्टवक्ता_ठाणे

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. बनावट कागद बनवून देणाऱ्या टोळ्या पकडल्या जातात हे खरं आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की आधार, पॅन, मतदार कार्ड असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. सामान्य माणसाला घराची, नोकरीची काळजी आहे. सत्रात फक्त करुणेवर बोललात तर अर्धा हॉल उठून जाईल. लोकांना प्रश्न विचारू द्या, अवघड असले तरी.

कोर्टकचेरी

@स्पष्टवक्ता, रागाचं काय त्यात, हे प्रश्न यायलाच हवेत. बनावट पासपोर्टवर नव्या कायद्यात 2 ते 7 वर्षं कैद आहे, तेही लोकांना सांगावं. पण तपास हे पोलिसांचं काम, वॉचमनचं नाही. 2025 च्या जूनमध्ये मीरा रोडहून उचललेल्या पश्चिम बंगालच्या माणसाला सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि मग भारतीय निघाला म्हणून परत आणावं लागलं. तुम्ही दिलेला हायकोर्टाचा मुद्दा खरा आहे आणि त्यामुळेच गरिबाची पंचाईत जास्त होते, कारण नागरिकत्व सिद्ध करायचा भार त्याच्यावरच असतो. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक, त्यानंतर 3 डिसेंबर 2004 च्या आधी जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय लागतात, पुढे अजून कडक. म्हणजे या बायकांना खरी गरज आहे ती मुलांचे जन्मदाखले आणि आईबापांचे गावाकडचे जुने कागद गोळा करायची. जमीन, मतदार यादी, शाळेचा दाखला. त्यात कोणीतरी फॉर्म भरून दिला, गावच्या पंचायतीला फोन लावून दिला, तर ती मोठी मदत आहे. विक्रोळीकर दादा, सत्रानंतर एक टेबल यासाठीच ठेवा.

कॅम्प_नंबर_चार

सगळे प्रतिसाद वाचले, छान चाललंय. मी उल्हासनगरचा सिंधी, शाळा मराठी माध्यमातली. फाळणीनंतर माझे आजोबा कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरले आणि तिथून कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात, बराकीत. 1949 ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतो. चेंबूर कॅम्प, सायन कोळीवाड्याच्या पंजाबी वसाहती, ही सगळी तेव्हाचीच. आजी सांगायची की सुरुवातीला नळावर भांडणं व्हायची, हे लोक कोण कुठले, आमचं पाणी नेतात म्हणून, आणि त्याच नळावरच्या एका मराठी बाईने तिला भाकरी थापायला शिकवली.

अजून एक, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 48 या काळात जवळपास 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले. ते गेल्यावर तिथेच सिंधी आले, तेच आताचं गांधीनगर, कपड्याची मोठी बाजारपेठ. तुमच्या कमिटीला राजकारण नकोय ना, मग सत्राची सुरुवात या जुन्या नकाशाने करा. प्रेक्षकांत फाळणीत आलेल्या घरातलं कोणी ना कोणी निघेलच, त्यांना आधी माइक द्या. मी यायला तयार आहे, आजोबांचं निर्वासित नोंदणीचं कार्ड घेऊन येईन.

विक्रोळीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील ताई, कागदांच्या टेबलाचं नक्की केलंय, 15100 चा बोर्ड आजच लावला. वॉचमनने अडवणं बंद करावं म्हणून सेक्रेटरींना पत्र दिलंय, त्यांनी मीटिंगमध्ये घेतो म्हटलंय. स्पष्टवक्ता, प्रश्नोत्तरांना शेवटचा पाऊण तास ठेवतोय, तुम्ही जरूर या. कॅम्प नंबर चार काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारनंतर ठेवावा लागेल, बायकांची कामं त्याआधी उरकत नाहीत. बंगाली आणि मराठी दोन्ही नीट बोलणारं कोणी विक्रोळी-भांडुप पट्ट्यात असेल तर सांगा, मालदाच्या ताई म्हणाल्या की त्या येतील पण हिंदीत बोलायला त्यांना संकोच वाटतो.